ईडीएस स्पेक्ट्रमच्या फाइली: मशीन एका कंपनीचं, सॉफ्टवेअर दुसरंच

मुंबईत एसईएम-ईडीएस (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्यातून निघणाऱ्या एक्स-रेंवरून त्यातली मूलद्रव्यं ओळखण्याची पद्धत) करायचं तर बहुतेकांना दुसऱ्याच्या दारी जावं लागतं. पवई, माटुंगा, कलिना, कुलाबा इथल्या संस्था, नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एखादी खासगी लॅब. एकीकडे ऑक्सफर्डचा डिटेक्टर असतो, दुसरीकडे ब्रुकरचा, तिसरीकडे ईडॅक्स, थर्मो किंवा जेओलचा. एकाच प्रकल्पाचे नमुने तीन ठिकाणी फिरले की तीन जातींच्या फाइली हातात येतात आणि त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेजारी-शेजारी मांडायच्या असतात.

नव्या माणसाला वाटतं, फाइल उघडली आणि पीक, म्हणजे मूलद्रव्यांची शिखरं, दिसले की झालं. फाइल उघडलीच नाही तर निदान अडलंय हे कळतं. पण स्केल, वेळ किंवा कोन चुकीचा धरून फाइल बिनबोभाट उघडते तेव्हा अॅल्युमिनियमच्या जागी चांदी दिसते, आणि टक्केवारीचा तक्ता मात्र नीटनेटका छापून येतो. म्हणून या लेखात फाइल उघडण्यापेक्षा उघडल्यानंतरच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे.

लॅबमधून निघण्याआधी

बऱ्याच ठिकाणी स्लॉट संपल्यावर वर्ड किंवा पीडीएफ रिपोर्ट मिळतो: स्पेक्ट्रमचं चित्र आणि खाली टक्केवारी. त्या चित्रातून काउंट, म्हणजे प्रत्येक ऊर्जेला मोजलेल्या एक्स-रेंचे आकडे, परत मिळत नाहीत. ऑपरेटरकडे नम्रपणे पण स्पष्टपणे दोन गोष्टी मागा. पहिली, कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली मूळ फाइल. दुसरी, प्रत्येक स्पेक्ट्रमची ईएमएसए या सामाईक फॉरमॅटमधली एक्सपोर्ट. शेपूट .एमएसए, .ईएमएसए किंवा नुसतं .टीएक्सटी असू शकतं. आतला मजकूर महत्त्वाचा. दोन्ही का? ईएमएसए सगळीकडे उघडते, पण एक्सपोर्ट करताना काही माहिती गळते. ती गळलेली माहिती मूळ फाइलीत सापडते.

शक्य असेल तर स्लॉटमधला एक मिनिट तांब्यासाठी राखून ठेवा. अॅल्युमिनियमच्या स्टबवर तांब्याची टेप चिकटवलेली असेल तर फारच उत्तम. त्याच सेटिंगवर, १५ किंवा २० केव्ही बीम व्होल्टेजला, ६० सेकंदांचा एक स्पेक्ट्रम घ्या. पुढे स्केलबद्दल शंका आली की हाच स्पेक्ट्रम साक्षीला उभा राहतो.

वहीत हाताने लिहून ठेवा: केव्ही, बीम करंट आणि तो कशावर मोजला, वर्किंग डिस्टन्स, स्टेजचा टिल्ट, डिटेक्टरचा टेक-ऑफ अँगल (नमुन्याच्या पृष्ठभागापासून डिटेक्टरकडे जाणारा कोन), लाइव्ह टाइम (डिटेक्टर प्रत्यक्ष मोजत होता तो वेळ), डेड टाइम (मोजू शकत नव्हता तो वेळ), प्रोसेस टाइम (एकेक एक्स-रे मोजायला दिलेला वेळ). पाच मिनिटांचं काम आहे. यातलं काही राहिलं हे बदलापूरला घरी पोचल्यावर कळलं, तर पुढचा स्लॉट मिळेपर्यंत हात बांधलेले राहतात.

हातात नेमकी कुठली फाइल आहे

ब्रुकरची .एसपीएक्स फाइल साध्या मजकुराची, एक्सएमएल असते. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. ईडॅक्सची .एसपीसी बायनरी असते. नोटपॅडमध्ये कचरा दिसतो आणि तसंच असायला हवं. जेओलचा स्पेक्ट्रम .ईडीएस शेपटाने येतो. ऑक्सफर्डच्या इन्का आणि अॅझटेकमध्ये स्पेक्ट्रम मोठ्या प्रोजेक्टच्या पोटात असतात. प्रोजेक्टचं फोल्डर उचलून आणलं तरी ते त्यांच्याच सॉफ्टवेअरशिवाय सहसा उघडत नाही. म्हणून तिथे ईएमएसए एक्सपोर्ट मागणं सगळ्यात गरजेचं. अॅझटेकच्या नव्या आवृत्त्यांत एचडीएफवर आधारलेली .एच५ओआयएनए एक्सपोर्टही मिळते.

मोफत सॉफ्टवेअरांपैकी अमेरिकेच्या एनआयएसटीचं डीटीएसए-टू ईएमएसए, .एसपीएक्स आणि .एसपीसी थेट उघडतं. पायथन येत असेल तर हायपरस्पाय घ्या. त्यात फाइली वाचण्याचं काम रोझेटा-सायआयओ ही लायब्ररी करते आणि एक्स-रेचं विश्लेषण एक्सस्पाय हे जोडपॅकेज. जेओलच्या फाइली आणि मोठे मॅप (प्रत्येक पिक्सेलला एक स्पेक्ट्रम) यांच्यासाठी हीच वाट सोयीची पडते. अगदी नवखे असाल तर डीटीएसए-टूपासून सुरुवात करा. त्यात डिटेक्टरची माहिती आधी भरावी लागते, आणि त्या निमित्ताने आपल्याला काय माहीत नाही हे लगेच समोर येतं.

ईएमएसएचं हेडर ओळीने वाचा

हा फॉरमॅट १९९१ साली सूक्ष्मदर्शक आणि सूक्ष्मविश्लेषण क्षेत्रातल्या लोकांनी मिळून ठरवला आणि २००३ मध्ये आयएसओ २२०२९ म्हणून मानक झाला. फाइल साध्या मजकुराची असते. वर हेडर, प्रत्येक ओळ # ने सुरू, मग शब्द, मग कोलन, मग किंमत. दोन ## ने सुरू होणाऱ्या ओळी त्या-त्या सॉफ्टवेअरच्या खासगी असतात. दुसरं सॉफ्टवेअर त्या सोडून देतं. फाइलीत हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत असतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

एन-पॉइंट्स म्हणजे एकूण चॅनेल, ऊर्जेचे छोटे-छोटे कप्पे. एक्स-युनिट्स म्हणजे ऊर्जेचं एकक. एक्स-पर-चॅन म्हणजे एका चॅनेलची रुंदी, ऑफसेट म्हणजे पहिल्या चॅनेलची ऊर्जा. एकक ईव्ही असेल तर रुंदी १० किंवा ५ दिसेल, केईव्ही असेल तर ०.०१ किंवा ०.००५. एकक केईव्ही आणि रुंदी १० अशी जोडी दिसली तर फाइल चुकलेली आहे, तिथेच थांबा.

डेटा-टाइप ‘वाय’ किंवा ‘एक्सवाय’ असतो. ‘वाय’मध्ये नुसते काउंट, ‘एक्सवाय’मध्ये ऊर्जा आणि काउंट अशा जोड्या. ओळ एक सांगते आणि खाली दुसरंच आहे, असं झालं तर स्पेक्ट्रम करवतीच्या दातांसारखा दिसतो आणि चॅनेल दुप्पट होतात. दुरुस्ती सोपी आहे: फाइलीची प्रत काढून तो एक शब्द बदलायचा. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, ती रीड-ओन्ली करून बाजूला ठेवायची.

काउंट पूर्ण संख्या आहेत का पाहा. १२३४.० असं लिहिलेलं चालतं. पण १२३४.३७ किंवा उणे आकडे दिसले तर बॅकग्राउंड काढलेला, स्मूथ केलेला किंवा पाइल-अप (दोन एक्स-रे एकदम येऊन एकच मोजले जाणं) दुरुस्त केलेला स्पेक्ट्रम तुमच्या हातात दिला आहे. काउंटच्या जागी दर सेकंदाचे काउंट दिले असतील तेव्हाही अपूर्णांक येतात. वाय-युनिट्सची ओळ तेही सांगते. काउंटवरून अनिश्चितता काढायची असते, त्यामुळे परिमाणात्मक कामाला अशी फाइल घेऊ नका, कच्चा स्पेक्ट्रम परत मागा.

शेवटी ‘एंड-ऑफ-डेटा’ची ओळ हवी. ती नसेल तर कॉपी अर्धवट झाली आहे. फाइली झिप करूनच पाठवायला सांगा. मजकूर मेसेजमध्ये पेस्ट करून पाठवला की ओळी तुटतात.

स्केल बरोबर आहे ना?

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. ऊर्जा काढायचं सूत्र एवढंच: ऑफसेट अधिक चॅनेल क्रमांक गुणिले रुंदी. पण यातली प्रत्येक गोष्ट चुकू शकते.

रुंदीची चूक आधी पाहू. ५ ईव्हीच्या ४०९६ चॅनेलची फाइल १० ईव्ही धरून उघडली की प्रत्येक पीक दुप्पट ऊर्जेवर जातो. अॅल्युमिनियमचा के-अल्फा १.४८७ केईव्हीला असतो, तो २.९७४ ला दिसतो. (के-अल्फा, एल-अल्फा ही मूलद्रव्याच्या ठरावीक पीकांची नावं.) चांदीचा एल-अल्फा २.९८४ ला आहे. मूलद्रव्य आपोआप ओळखणारं ऑटो-आयडी बिनदिक्कत चांदी लिहितं.

ऑफसेटची चूक जास्त फसवी. काही कंपन्यांचे स्पेक्ट्रम शून्याच्या खाली सुरू होतात, कारण शून्यावरचा एक मोठा पीक, झीरो पीक, इलेक्ट्रॉनिक्स स्थिर ठेवायला वापरलेला असतो. ऑक्सफर्डच्या फाइलीत ऑफसेट –०.२ केईव्ही दिसू शकतो, ब्रुकरच्या .एसपीएक्समध्ये ‘कॅलिब-अॅब्स’ या ओळीत –०.९६ च्या आसपास. नुसते काउंट एक्सेलमध्ये उतरवून कोणी फाइल दिली आणि तुम्ही ऑफसेट शून्य धरला तर सगळे पीक तेवढे वर सरकतात. साधा अॅल्युमिना घ्या आणि ०.२ ची चूक करा. ऑक्सिजनचा पीक ०.५२५ वरून ०.७२५ ला जातो, लोखंडाच्या एल-अल्फाजवळ, जो ०.७०५ ला असतो. अॅल्युमिनियम १.६८७ ला जातो, सिलिकॉनच्या १.७४० च्या दिशेने. म्हणजे अॅल्युमिनाच्या जागी लोखंड-सिलिकॉन. ६.४०४ ला लोखंडाचा के-अल्फा नाही, यावरूनच चोरी पकडली जाते. २० केव्हीला लोखंडाचा एल आहे आणि के नाही, असं होत नाही.

तांब्याचा स्पेक्ट्रम आता बाहेर काढा. तांब्याचा एल-अल्फा ०.९३० ला आणि के-अल्फा ८.०४६ ला असतो. दोन टोकं मिळाली की रुंदी आणि ऑफसेट दोन्ही हाताने काढता येतात. समजा कच्च्या काउंटमध्ये पहिला पीक १८९ व्या चॅनेलला आहे आणि दुसरा ९०१ व्या. फरक ७१२ चॅनेल, ऊर्जेतला फरक ७११६ ईव्ही. भागिले की ९.९९४ ईव्ही प्रति चॅनेल. मग ९३० वजा १८९ गुणिले ९.९९४, म्हणजे ऑफसेट –९५९ ईव्ही. हेडरमधल्या आकड्यांशी हे जुळलं तर निश्चिंत व्हा. फक्त १० ईव्हीचा, म्हणजे एका चॅनेलचा, फरक राहत असेल तर एकाने चॅनेल ० पासून मोजले आहेत आणि दुसऱ्याने १ पासून.

तांब्याचा एल पीक शेजारच्या ०.९५० च्या एल-बीटाला चिकटलेला असतो, म्हणून त्याचं टोक थोडं वर सरकतं. बारीक कामाला तांब्याचा के आणि अॅल्युमिनियमचा के अशी जोडी जास्त भरवशाची. स्टब अॅल्युमिनियमचा असला तर बरा, असं वर म्हटलं ते यासाठीच.

दोन-तीन चॅनेलच्या फरकाने काय होतं, असं वाटत असेल तर किनाऱ्यावरचा गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घ्या. वरळी काय, वर्सोवा काय, खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या बोल्टवर जस्त आणि मीठ दोन्ही असतं. जस्ताचा एल-अल्फा १.०१२ ला, सोडियमचा के-अल्फा १.०४१ ला. अंतर फक्त २९ ईव्ही, आणि या भागात डिटेक्टरचा एकेक पीकच त्याहून दुपटीपेक्षा जास्त रुंद असतो. डोळ्यांना एकच पीक दिसतो. सॉफ्टवेअर दोन आकार बसवून तो वाटून देतं, आणि ही वाटणी पूर्णपणे स्केलवर अवलंबून असते. स्केल २० ईव्हीने वर सरकलेलं असेल तर जस्तातले काउंट सोडियमच्या खात्यात जमा होतात आणि गंजाचं सगळं निदानच फिरतं. ८.६३७ ला जस्ताचा के-अल्फा किती मोठा आहे आणि २.६२२ ला क्लोरीन आहे का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय सोडियमचा आकडा मान्य करू नका.

झीरो पीक फाइलीत आला असेल तर एकूण काउंट मोजताना तो वगळा. तो नमुन्यातून आलेला एक्स-रे नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खालची मर्यादा ०.१ केईव्हीच्या थोडी वर ठेवली की भागतं.

केव्ही, वेळ, करंट, कोन

हेडरमधला बीम-केव्ही हा आकडा नेहमी एसईएमकडून आलेला नसतो. दोन यंत्रं एकमेकांशी जोडलेली नसतील तर ऑपरेटरने शेवटचा जो टाइप केला तोच पुढच्या सगळ्या फाइलींत जातो. तपासायला लॉग स्केल लावा आणि बॅकग्राउंड कुठे संपतं ते पाहा. तो शेवट, ड्युएन-हंट मर्यादा, खऱ्या बीम ऊर्जेवर असतो. हेडर २० म्हणतं आणि बॅकग्राउंड १५ ला संपतं, तर हेडर खोटं. हेडर बरोबर असूनही शेवट खाली आला असेल तर नमुना चार्ज होतोय, कोटिंग तपासा. डेड टाइम जास्त असताना पाइल-अपचे थोडे काउंट या मर्यादेच्या पलीकडेही दिसतात, त्यांना फसू नका.

वेळेची एककं वेगळी असतात. .एसपीएक्समध्ये रिअल टाइम आणि लाइव्ह टाइम (तिथे ‘लाइफ-टाइम’ असं लिहितात) मिलिसेकंदांत असतात, ईएमएसएमध्ये सेकंदांत. तयार सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतं. हाताने बदललेली फाइल नाही. ६०००० सेकंद असा लाइव्ह टाइम गेला तर डोस (करंट गुणिले लाइव्ह टाइम) हजारपट होतो आणि के-रेशो (त्याच डोसला नमुन्याचा पीक भागिले स्टँडर्डचा, म्हणजे घटक माहीत असलेल्या नमुन्याचा पीक) हजारपट लहान. स्टँडर्ड आणि नमुना दोन्हींत तीच चूक असेल तर ती छेदली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग एक दिवस एकच फाइल वेगळ्या वाटेने येते आणि सगळा हिशेब कोसळतो. लाइव्ह टाइम नेहमी रिअल टाइमपेक्षा कमी हवा. रिअल ६०, लाइव्ह ४५ असेल तर डेड टाइम २५ टक्के. वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा.

प्रोब करंट ईएमएसएमध्ये नॅनोअँपिअरमध्ये लिहितात. ०.८ च्या जागी ८०० दिसलं तर कोणीतरी पिकोअँपिअर टाकले आहेत. त्याहून वाईट म्हणजे फॅरडे कपवर (सगळा बीम पकडणारी छोटी डबी) न मोजता स्टेजवरचा अॅब्झॉर्ब्ड करंट टाकणं. नमुन्यातून मागे फिरलेले इलेक्ट्रॉन त्यात धरलेले नसतात, त्यामुळे तो प्रत्येक नमुन्यागणिक बदलतो आणि डोस म्हणून निरुपयोगी ठरतो. करंट मोजलाच नसेल तर रकाना रिकामा ठेवा. डीटीएसए-टू स्टँडर्डवर आधारित गणनेसाठी डोस मागेल, आणि तो अंदाजाने भरण्यापेक्षा गणना अडलेली बरी.

टेक-ऑफ अँगल, म्हणजे हेडरमधला एलिव्हेशन अँगल, बऱ्याचदा गायब असतो किंवा शून्य. शून्य असेल तर एक्स-रेची नमुन्यातली वाट अनंत होते आणि गणना मोडते. ते एका परीने चांगलंच, कारण कळतं. खरी अडचण ३५ च्या जागी ४० असं काही बसलं तर होते. शोषणाची वाट कोनाच्या कोसिकेंटवर ठरते: ३५ अंशांना १.७४, ४० ला १.५६. सुमारे १२ टक्क्यांचा फरक. कार्बन, ऑक्सिजन, सोडियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे आकडे यातच बिघडतात. कोन नेमका मिळतो तो ठरलेल्या वर्किंग डिस्टन्सलाच, हेही लक्षात ठेवा.

आता फाइल आत घ्या

डीटीएसए-टूमध्ये आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन त्या लॅबचं इन्स्ट्रुमेंट आणि डिटेक्टर तयार करा: डिटेक्टरचा प्रकार, विंडो (डिटेक्टरपुढचा पातळ पडदा), क्षेत्रफळ, एलिव्हेशन, चॅनेलची संख्या, रुंदी, मँगनीजच्या ५.८९५ केईव्हीला रिझोल्यूशन (पीकची रुंदी). आजच्या एसडीडी (सिलिकॉन ड्रिफ्ट) डिटेक्टरला ते साधारण १२३ ते १३३ ईव्ही असतं. प्रत्येक लॅबचा वेगळा डिटेक्टर, नावातच लॅब आणि कंपनी लिहा. मग तांब्याचा स्पेक्ट्रम उघडून कॅलिब्रेशन एलियनमधून जाऊ द्या. या सॉफ्टवेअरमध्ये विझार्डला एलियन म्हणतात. त्यानंतरच नमुन्यांच्या फाइली उघडा, योग्य डिटेक्टर जोडा आणि प्रॉपर्टीजमध्ये राहिलेली माहिती वहीतून भरा.

हायपरस्पायमध्ये फाइल वाचल्यावर सिग्नलचा प्रकार ईडीएस-एसईएम आहे का ते आधी पाहा. नसेल तर तो लावल्याशिवाय एक्स-रेच्या सोयी मिळत नाहीत. त्यानंतर मेटाडेटा छापा आणि केव्ही, लाइव्ह टाइम, एलिव्हेशन हे तीन आकडे वहीशी ताडा.

एक गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरला जमत नाही. फॉरमॅट बदलतो, डिटेक्टर नाही. एका लॅबमधला स्टँडर्ड आणि दुसऱ्या लॅबमधला नमुना, असा के-रेशो काढू नका. विंडो वेगळी, सॉलिड अँगल वेगळा, रिझोल्यूशन वेगळं. तीन लॅबच्या फाइली तुलनेसाठी शेजारी लावा, पण प्रत्येकीचे स्टँडर्ड तिथल्याच डिटेक्टरवरचे, त्याच केव्हीचे असू द्या.

विंडोज मराठीत असेल तर

हे इंग्रजी मॅन्युअलमध्ये सापडत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कॉम्प्युटरचं रीजन ‘मराठी (भारत)’ असेल तर जावावर चालणारी सॉफ्टवेअरं आकडे देवनागरीत छापू शकतात. १० च्या जागी देवनागरी अंक गेले की ती फाइल दुसरीकडे आकडा म्हणून वाचलीच जात नाही. विश्लेषणाच्या कॉम्प्युटरवर रीजन ‘इंग्रजी (भारत)’ ठेवा. कीबोर्ड मराठी राहू दे, त्याने काही बिघडत नाही. जर्मन सेटिंगच्या यंत्रावरून आलेल्या फाइलीत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असू शकतो, ती वेगळी पण त्याच घराण्यातली अडचण.

ईएमएसए फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. तारखा बदलतात, ओळींना अवतरणचिन्हं चिकटतात. नोटपॅडमध्ये बदल करावाच लागला तर सेव्ह करताना ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडू नका. फाइलीच्या अगदी सुरुवातीला अदृश्य अक्षरं बसतात, पहिली ओळ # ने सुरू होत नाही आणि सॉफ्टवेअर ‘अनोळखी फॉरमॅट’ म्हणून परत पाठवतं. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता ठेवा: तारीख, नमुना, केव्ही, क्रमांक.

मॅपच्या फाइली, म्हणजे ब्रुकरची .बीसीएफ, जेओलची .पीटीएस किंवा .आरपीएल आणि .रॉ अशी जोडी, हा वेगळा मोठा विषय. जोडीतल्या दोन्ही फाइली सोबत हव्यात: .आरपीएलमध्ये रुंदी, उंची, चॅनेल, बाइटचा क्रम एवढंच असतं, खरा डेटा .रॉमध्ये. सुरुवातीला लॅबमध्येच मॅपचा बेरीज-स्पेक्ट्रम ईएमएसएमध्ये काढून घ्या आणि त्याचा लाइव्ह टाइम एका पिक्सेलचा आहे की सगळ्या पिक्सेलचा मिळून, हे ऑपरेटरला तिथल्या तिथे विचारा.